बिजलीला पुन्हा उन्हाळी लागली आहे : घरगुती उपाय करू की औषध?

पागोळी (गुहागर) | १४ जून, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. आमची बिजली ७ वर्षांची गावठी कुत्री, वजन १८ किलो. दोन वर्षांची असताना नसबंदीचं ऑपरेशन झालंय. पाऊस लागल्यापासून ती दर अर्ध्या तासाने उठून मागच्या दाराशी जाते, माडाखाली बसते, चार थेंब लघवी करते आणि तशीच कुंथत राहते. आत आली की पुन्हा दहा मिनिटांत तेच. परवा पडवीतल्या लादीवर गुलाबी डाग दिसला, तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

मार्चमध्ये असंच झालं होतं. तेव्हा जिथे दाखवलं तिथे लघवी तपासली नाही, पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी ती ठणठणीत दिसायला लागली म्हणून मी गोळ्या बंद केल्या. ते चुकलंच.

या वेळी धने-जिऱ्याचं पाणी दिलं, रोज अर्धं शहाळं दिलं. शेजारच्या काकांनी सांगितलं म्हणून माणसांना लघवीच्या जळजळीवर देतात ते लाल सिरप दिवसाला दोन चमचे, असं आठ दिवस दिलं. फरक नाही, उलट कुंथणं वाढलंय. सासूबाई म्हणतात कुळथाचं कढण दे. परसात पानफुटी भरपूर आहे, उद्यापासून तिची दोन-दोन पानं वाटून द्यावीत असा विचार आहे. कोणाला अनुभव आहे का? गोळ्यांचा मारा पुन्हा नको वाटतो.

सुरंगी (मालवण) | १४ जून, रात्री १०.०२

पागोळी, घाबरू नको गो. आमच्या घरी माणसांना मुतखड्यावर पानफुटीच देतात, रोज सकाळी अनशापोटी दोन पानं, माझ्या मिस्टरांचा खडा पडला होता. कुळथाचं कढणही चांगलं. त्याला लसणाची फोडणी मात्र दे, वात धरत नाही. आणि रात्री दहा-बारा काळ्या मनुका भिजत घालून सकाळी ते पाणी मनुकांसकट दे. लघवीची आग थांबते.

रातांबा (सिंधुदुर्ग) | १५ जून, सकाळी ६.२०

पागोळीताई, मी पशुवैद्यक आहे. रात्री हा धागा पाहिला असता तर तेव्हाच लिहिलं असतं. पानफुटी देऊ नका. दिली असेल तर किती आणि कधी ते आत्ता लिहा.

सुरंगीताई, तुम्ही मायेनेच सांगितलंत हे मला कळतं. पण पानफुटीत हृदयावर काम करणारी विषारी द्रव्यं असतात. कुत्र्याला त्याने लाळ, उलट्या, जुलाब होतात, आणि जास्त गेली तर हृदयाचे ठोके बिघडतात. काळ्या मनुका आणि द्राक्षं कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात. किती मनुकांनी होईल हे आधी सांगता येत नाही, एखाद्याला मूठभर पचतात आणि एखादा चार-पाच मनुकांनी आजारी पडतो, म्हणून एकही नको. लसूण आणि कांदा, कच्चा असो की शिजलेला, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. त्या फुटल्या की लघवी तांबडी-तपकिरी होते, आणि मग आपल्याला वाटतं मूत्राशयाचा आजार वाढला.

आता बिजलीबद्दल. "उन्हाळी लागली" हे आपण लक्षणाला दिलेलं नाव आहे. त्याच्या मागे निदान पाच-सहा वेगळे आजार असू शकतात, आणि एकाचं औषध दुसऱ्याला बाधतं. म्हणून तीन गोष्टी सांगा. एक, प्रत्येक वेळी थोडी तरी लघवी बाहेर पडते का? दोन, पाणी किती पिते? सकाळी मापून तांब्या भरा, दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेलं मोजा. निरोगी कुत्रं किलोमागे साधारण ५० ते ६० मिली पितं. १०० मिलीच्या वर गेलं, म्हणजे बिजलीच्या बाबतीत १८०० मिलीच्या वर, तर किडनी, मधुमेह किंवा हार्मोनचा आजार शोधावा लागतो. तीन, ती झोपेतून उठल्यावर गोणपाट ओलं असतं का, आणि तिला ते कळतं का?

सिरप आज थांबवा. त्याचं कारण लघवीचा रिपोर्ट आल्यावर लिहितो.

पागोळी | १५ जून, सकाळी ७.४५

पानफुटी दिली नाही. देवाची कृपा. तुमचं वाचून हात थरथरले, खरंच. पानं खुडून वाटीत काढून ठेवली होती.

लघवी दर वेळी थोडी येते, एकदम बंद नाही. पाणी आजपासून मोजते, पण फार पीत नाही असं वाटतं. गोणपाट कोरडं असतं. आणखी एक लिहायचं राहिलं, पाऊस असला की ती बाहेर जायलाच तयार नसते. रात्री आठला जाऊन आली की सकाळी सहापर्यंत धरून ठेवायची. या आठवड्यातच तिला धरवत नाही.

खाडीकाठ (दाभोळ) | १५ जून, सकाळी ९.३०

ताई, बिजलीला लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लस आहे का? मी दोन पावसाळ्यांपूर्वी माझा शेरू गमावला. भातखाचरात दिवसभर भटकायचा. आधी ताप, मग उलट्या, मग लघवी गडद पिवळी, डोळे पिवळे. मीही दोन दिवस लघवीचाच त्रास समजून शहाळ्याचं पाणी देत बसलो. तिसऱ्या दिवशी गेला. मग मला स्वतःला ताप आला तेव्हा आरोग्य केंद्रात रक्त तपासलं, लेप्टोच निघाला. मी वाचलो.

उंदराच्या मुतातून, साचलेल्या पाण्यातून येतो हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे, लावणीच्या दिवसांत गोळ्या घेतो. कुत्र्यालाही होतो आणि कुत्र्याच्या लघवीतून आपल्याला होतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. लघवी पुसताना हातमोजे घाला. पायाला भेग असेल तर चप्पल घाला.

रातांबा | १५ जून, दुपारी १.१५

खाडीकाठ यांनी लिहिलेलं प्रत्येकाने वाचावं. लेप्टोची लस एकत्रित लशीत असते, पण सगळ्याच एकत्रित लशींत नसते. कार्डावर बघून घ्या, आणि ती दरवर्षी द्यावी लागते. आपल्या पट्ट्यात पावसाआधी, मे महिन्यात झालेली बरी. बिजलीला ताप, उलट्या, पिवळेपणा काही नसेल तर शक्यता कमी आहे, पण हातमोजे हवेतच.

ताई, आता लघवीचा नमुना घ्या. पहाटेची पहिली लघवी, मधली धार. लांब दांड्याचा स्टीलचा डाव उकळत्या पाण्यात धुऊन वाळवा, ती बसली की मागून हळूच खाली सरकवा. स्वच्छ बाटलीत ओतून अर्ध्या तासात लॅबला. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर बाटलीतच जंतू वाढतात. तालुक्याच्या गावातल्या माणसांच्या लॅबमध्ये विनंती केली तर रुटीन तपासणी करून देतात. जंतूंचं कल्चर (जंतू वाढवून ओळखायची तपासणी) मात्र डॉक्टरांनी सुईने थेट मूत्राशयातून काढलेल्या लघवीचं केलेलं चांगलं. ऐकायला भयंकर वाटतं, पण सोनोग्राफीत बघून बारीक सुईने करतात, कुत्री बहुतेक हलतही नाहीत.

पागोळी | १६ जून, संध्याकाळी ६.३०

पहाटे पाच वाजता छत्री एका हातात आणि डाव दुसऱ्या हातात. तिसऱ्या खेपेला जमलं.

रिपोर्ट: रंग लालसर, गढूळ. पीएच ८.५. तांबड्या पेशी भरपूर, पू-पेशी भरपूर. "ट्रिपल फॉस्फेट क्रिस्टल्स ++". साखर नाही. पाणी मोजलं, काल दिवसभरात ९५० मिली.

रातांबा | १६ जून, रात्री ८.५०

पाणी ठीक आहे, साखर नाही. हा मूत्राशयाचाच आजार आहे. पीएच ८.५ म्हणजे लघवी फार अल्कली झाली आहे. काही जंतू युरिया फोडून अमोनिया तयार करतात, त्याने असं होतं, आणि अशा लघवीत मॅग्नेशियम-अमोनियम-फॉस्फेटचे खडे धरतात. त्यांना स्ट्रुवाइट म्हणतात. तुमच्या रिपोर्टमधलं ट्रिपल फॉस्फेट ते हेच.

आता सिरपचं. ते लघवी अल्कली करण्यासाठीच असतं. माणसाची जळजळ बऱ्याचदा आम्लतेची असते, तिथे त्याने आराम पडतो. बिजलीची लघवी जंतूंनी आधीच अल्कली केलेली, त्यात आपण आठ दिवस भर घातली. वाईट वाटून घेऊ नका, ते सिरप देऊन आलेली कुत्री मी दर पावसाळ्यात बघतो. कोणतंही बिनसाखरेचं सिरप तर आणखी जपून, त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते गोड द्रव्य) असेल तर कुत्र्याची साखर एकदम खाली येते आणि यकृत बिघडतं.

कल्चर आणि एक्सरे करून घ्या. पुन्हा अंदाजाने अँटिबायोटिक नको.

चिरेबंदी (कुडाळ) | १७ जून, सकाळी ११.०५

धागा तुमचा आहे पण इथेच विचारतो. माझो कुत्रो पण असोच करता. मोती, लासा जातीचा, ९ वर्षांचा नर. काल रात्रीपासून पाय वर करतो, जोर लावतो, काही येत नाही. पोट हाताला टणक लागतंय. सकाळी एकदा उलटी झाली. गोखरूचा काढा दिला आहे, त्याने लघवी सुटते म्हणतात. संध्याकाळपर्यंत वाट बघू का?

रातांबा | १७ जून, सकाळी ११.१२

नाही. आत्ता निघा. लघवी पूर्ण तुंबली आहे. नर कुत्र्याच्या लिंगात हाड असतं, त्याच्या मागे खडा अडकतो. असं राहिलं की रक्तात पोटॅशियम वाढतं आणि हृदय बंद पडतं, किंवा मूत्राशय फाटतं. एक-दोन दिवसांचा खेळ आहे आणि तुमची एक रात्र गेली आहे. काढा, पाणी, शहाळं काहीही देऊ नका. गोखरूने लघवी जास्त तयार होईल, पण जायला वाट कुठे आहे? पोट दाबू नका. जिथे कॅथेटर (लघवी काढायची नळी) घालतात आणि एक्सरे आहे तिथेच थेट जा, जाताना फोन करून विचारा.

सुरंगी | १७ जून, दुपारी ३.४०

चिरेबंदी, पोचलात का? सकाळपासून चार वेळा धागा उघडला.

चिरेबंदी | १८ जून, रात्री १२.२०

गोव्यात आहोत. तिथे पोचलो तेव्हा मोती मान टाकून होता. आधी सलाइन, मग भूल देऊन कॅथेटर, खडा पाण्याच्या दाबाने मागे मूत्राशयात ढकलला. पुष्कळ लघवी निघाली, सगळी रक्ताची. परवा ऑपरेशन करून खडे काढणार. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळी आणला असता तर कठीण होतं. रातांबा साहेब, तुम्हाला काय म्हणू? गाडीत माझा मुलगा मोतीला मांडीवर घेऊन बसला होता, बोलत नव्हता, आता झोपलाय.

पागोळी | २० जून, रात्री ८.००

चिरेबंदी, वाचून डोळ्यांत पाणी आलं. मोतीला सांभाळा.

आमचा एक्सरे चिपळूणला झाला. एक खडा चिंचोक्याएवढा, आणि खाली मुगाच्या दाण्यांसारखे पाच-सहा. मी एक्सरेच्या काचेपुढे उभी होते आणि मार्चपासूनचे सगळे दिवस आठवत होते, ती माझ्याकडे बघून शेपूट हलवायची आणि मला वाटायचं बरी आहे. कल्चरमध्ये स्टॅफिलोकोकस हा जंतू आला. मार्चमध्ये दिलेल्या गोळीला तो जुमानत नाही असं रिपोर्ट सांगतो. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करता येईल, किंवा आधी औषध आणि खास आहार देऊन विरघळतो का बघू. खडा खरंच विरघळतो?

रातांबा | २० जून, रात्री १०.३०

हा विरघळतो. कुत्र्यांतला स्ट्रुवाइट बहुतेक वेळा जंतुसंसर्गातून झालेला असतो. जंतू मारले, लघवी आम्ल आणि पातळ केली, आहारातलं मॅग्नेशियम-फॉस्फरस कमी केलं, की खडा साखरेच्या खड्यासारखा बारीक होत जातो. त्याला काही आठवडे ते तीन महिने लागतात. मादीला हे सोयीचं, कारण तिची वाट रुंद आणि आखूड असते, बारीक झालेला खडा सहसा पडून जातो. नरामध्ये तोच खडा वाटेत अडकायची धास्ती राहते.

पण तीन गोष्टी सांभाळाव्या लागतील. खड्याच्या पोटात जंतू दडलेले असतात, थर विरघळेल तसे ते सुटत राहतात. म्हणून बिजली चौथ्या दिवशी उड्या मारायला लागली तरी गोळ्या डॉक्टर सांगतील तोपर्यंत. साध्या, पहिल्यांदा झालेल्या मूत्राशयदाहाला तीन ते पाच दिवसांचा कोर्स पुरतो, खड्यासोबतच्या संसर्गाला नाही. दुसरं, त्या खास आहारासोबत दुसरं काही नाही. बांगड्याचं डोकं नाही, चपातीचा तुकडा नाही, शेजाऱ्यांकडचा भात नाही. तो आहार महाग आहे, मला माहीत आहे, पण अर्धामुर्धा देऊन पैसे वाया जातात. आणि तो कायमचा नाही, त्यात चरबी आणि मीठ जास्त असतं, म्हणून हृदयाच्या, किडनीच्या किंवा स्वादुपिंड सुजलेल्या कुत्र्याला देत नाहीत. तिसरं, दर महिन्याला एक्सरे. खडा लहान होत नसेल तर तो स्ट्रुवाइट नाही किंवा जंतू मेलेले नाहीत, मग ऑपरेशन.

वेदनेसाठी घरातली कोणतीही गोळी नको. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या जठराला आणि किडनीला घातक आहेत. डायक्लोफेनॅकवर तर जनावरांसाठी २००६ सालीच बंदी आली, गुरांच्या मढ्यातून ते गिधाडांच्या पोटात जाऊन गिधाडं संपली म्हणून. तरीही घराघरात ती पट्टी असते आणि "अर्धीच दिली" असं लोक सांगतात.

काजवा (अलिबाग) | २१ जून, सकाळी ८.१५

माझा प्रश्न वेगळा आहे. आमची लॅब्रेडॉर कुत्री ६ वर्षांची, नसबंदी होऊन चार वर्षं झाली. जागी असताना सगळं व्यवस्थित, पण झोपली की खाली ओलं होतं आणि उठल्यावर तीच गोंधळून वास घेते. घरात तिला सगळे ओरडतात, मला बघवत नाही. लघवीचा रिपोर्ट स्वच्छ आहे. हाही संसर्गच का?

रातांबा | २१ जून, दुपारी २.००

नाही, आणि तिला ओरडू नका, तिला ते कळतच नाही. नसबंदीनंतर काही माद्यांत, विशेषतः मोठ्या चणीच्या, मूत्रमार्ग आवळून धरणारा स्नायू ढिला पडतो. महिन्यांनी किंवा वर्षांनी सुरू होतं. यावर तो स्नायू आवळणारी औषधं आहेत, इस्ट्रिऑलसारखं हार्मोनही देतात. बहुतेक कुत्र्या त्याने कोरड्या राहतात, पण औषध बरेचदा आयुष्यभर लागतं आणि रक्तदाब बघून सुरू करतात. वजन जास्त असेल तर उतरवा, पुष्कळ फरक पडतो.

यावरून नसबंदी करू नये असा अर्थ कोणी काढू नका. नसबंदी न झालेल्या मादीला माजानंतर महिना-दोन महिन्यांनी गर्भाशयात पू होतो, ती भराभर पाणी पिते, लघवी वाढते, आणि घरचे लघवीचं औषध शोधत बसतात. त्यात ती जीवानिशी जाते.

भरतीओहोटी (हर्णे) | २४ जून, संध्याकाळी ७.१०

आमच्या बंदरावरच्या एका कुत्र्याच्या लघवीतून महिनाभर रक्त पडतंय. नर आहे. खातोपितो चांगला. कोळणी त्याला सगळ्या खायला घालतात. गोळी कोणती द्यावी?

रातांबा | २४ जून, रात्री ९.२५

नीट बघा, लघवीतून पडतंय की लघवी करत नसतानाही लिंगाच्या टोकातून टपकतंय? टपकत असेल तर तो बहुधा संगातून पसरणारा गाठीचा आजार आहे, आतल्या त्वचेवर फ्लॉवरसारखी गाठ दिसते. मोकाट कुत्र्यांत फार सापडतो. व्हिन्क्रिस्टिन या कर्करोगावरच्या औषधाची इंजेक्शनं आठवड्याला एक, साधारण चार ते सहा, शिरेतून डॉक्टरांनीच द्यायची. बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. पकडायला आणि न्यायला दर आठवड्याला कोणीतरी लागेल, तेवढं जमवा.

आणि लघवी काळ्या चहासारखी असेल, हिरड्या पांढऱ्या, अंगावर गोचीड, तर तो गोचीडताप. तिथे मूत्राशयाचा संबंधच नाही, रक्तपेशी फुटून रंग येतो. लघवी यंत्रात फिरवली की कळतं. मूत्राशयातलं रक्त तळाला बसतं आणि वरचं पाणी स्वच्छ होतं, गोचीडतापात वरचं पाणीही तांबडंच राहतं.

चिरेबंदी | २८ जून, रात्री ९.००

मोती घरी आहे. टाके सुकले, पाय वर करून मोठी धार सोडतो, आम्ही सगळे खिडकीतून बघतो. खडे तपासणीला पाठवले होते, कॅल्शियम ऑक्झलेट आले.

एक कोडं पडलंय. डॉक्टरांनी मोतीला पोटॅशियम सायट्रेट दिलं आहे. मेडिकलवाल्याला विचारलं तर म्हणाला ते लाल सिरपच्याच जातीतलं. तुम्ही तर पागोळीताईंना ते बंद करायला लावलंत.

रातांबा | २९ जून, सकाळी ६.४५

कोडं नाही. ऑक्झलेटचे खडे आम्ल लघवीत धरतात, म्हणून मोतीची लघवी अल्कलीकडे न्यायची आणि सायट्रेटने कॅल्शियम बांधून ठेवायचं. बिजलीचं बरोबर उलटं. बिजलीला तारणारा आहार मोतीला दिला तर त्याचे खडे वाढतील, मोतीचं औषध बिजलीला दिलं तर तिचे. दोघंही कुंथत होते, दोघांनाही रक्त पडत होतं, अंगणात बसलेली बघून मलासुद्धा फरक सांगता आला नसता. एका बाटलीभर लघवीने तो सांगितला.

ऑक्झलेट कोणत्याही औषधाने, काढ्याने विरघळत नाही, आणि तो परत होतो. रक्तातलं कॅल्शियम एकदा तपासून घ्या. क आणि ड जीवनसत्त्वाची टॉनिकं देऊ नका. पालक, अळू नको. सगळ्यात मोठं औषध पाणी. लघवीची घनता १.०२० च्या खाली ठेवायची, दर तीन महिन्यांनी तपासायची.

सुरंगी | ३० जून, दुपारी ४.३०

डॉक्टर, मी परसातली पानफुटी कुंपणाबाहेर लावली आहे, आमच्या दोन पिल्लांचं तोंड पोचणार नाही अशी. मनुकांचा डबा वरच्या फळीवर. पण मला एक सांगा, मग घरातलं काहीच द्यायचं नाही का? आमची आजी गुरांना, कुत्र्यांना सगळं परसातलंच करायची.

रातांबा | ३० जून, रात्री १०.१०

द्यायचं की. लघवी पातळ ठेवणं हा उपाय आपल्या चुलीवरच आहे. उकड्या तांदळाची पेज, मीठ न घालता, भरपूर पाण्याची, कुत्री आवडीने पितात. भातावर बिनमिठाचं मासे उकडलेलं पाणी ओता. मासे साफ करून, कांदा-लसूण-मीठ न टाकता. सुकट आणि खारा बांगडा मात्र नको. मिठाने पाणी जास्त पितील हे खरं, पण लघवीतून कॅल्शियमही जास्त जातं. डाल्मेशियन जातीचं कुत्रं असेल तर तारली, बांगडा, काळीज कमी, त्यांच्यात युरिक आम्लाचे खडे होतात. धने-जिऱ्याचं पाणी निरुपद्रवी आहे, त्यातलं पाणी उपयोगी पडतं. शहाळं निरोगी कुत्र्याला दोन-चार घोट चालतं, पण त्यात पोटॅशियम खूप असतं, किडनी अधू असेल किंवा लघवी तुंबलेली असेल तर थेंबही नको. बिनमिठाचं, बिनफोडणीचं कुळथाचं पातळ पाणी दिलं तर बिघडणार नाही, पण त्याने कुत्र्याचा खडा विरघळेल या भरवशावर बसू नका. कोकमाचं आगळ देऊन लघवी आम्ल करता येईल का असं मला एकाने विचारलं होतं. नाही, त्यात मीठच इतकं असतं. क्रॅनबेरीच्या गोळ्या येतात, जंतू मूत्राशयाला चिकटू नयेत म्हणून, कुत्र्यांत त्याचा पुरावा पक्का नाही. महाग आहेत, तेवढ्या पैशांत एक लघवी तपासणी होते.

आणि पागोळीताईंनी सुरुवातीला लिहिलेलं एक वाक्य माझ्या मनात राहिलं आहे. पावसात बाहेर जायचं नाही म्हणून दहा तास लघवी धरून ठेवायची. आपल्याकडे पावसाळ्यात हे घरोघरी होतं, आणि मूत्राशयात तुंबलेल्या लघवीत जंतूंना वाढायला वेळ मिळतो. न्हाणीच्या मागे किंवा पडवीच्या टोकाला पत्रा टाका, खाली खडी किंवा गवत पसरा, तिच्याच लघवीने ओली झालेली माती थोडी तिथे टाका म्हणजे वासावर येईल. रात्री झोपण्याआधी एकदा आणि पहाटे एकदा तिथे नेऊन उभं राहा. सुरंगीताई, तुमच्या आजीच्या घराला गुरांचा गोठा असणार, कुत्रं तिथेच आडोशाला जात असणार. आता गोठे गेले.

पागोळी | १९ जुलै, संध्याकाळी ५.२०

पहिला महिना झाला. मोठा खडा निम्मा झालाय, बारीक दोनच दिसतात. लघवीचा पीएच ६.५. गोळ्या चालू आहेत, एकही चुकवलेली नाही, कॅलेंडरवर फुली मारते. पत्रा टाकला. पहिले तीन दिवस ती माझ्याकडे बघत नुसती उभी राहायची, चौथ्या दिवशी बसली. सासूबाईंनी तिला द्यायची म्हणून काढलेली फणसाची आठळी स्वतःहून परत ठेवली, "तिचं औषध चालू आहे" म्हणाल्या.

खाडीकाठ | १९ जुलै, रात्री ८.३०

वा! मी नवीन पिल्लू आणलंय. पहिली लेप्टोची लस झाली, दुसरी पुढच्या महिन्यात.

पागोळी | २६ ऑगस्ट, दुपारी १२.४०

आज एक्सरे पूर्ण स्वच्छ. डॉक्टरांनी मला दाखवला, मी पुन्हा दाखवायला लावला. गोळ्या अजून थोडे दिवस, मग आठवड्याने पुन्हा कल्चर, मग आहार हळूहळू बदलायचा. घरी आल्यावर माडाखाली बसली, एकदाच, लांब धार, आणि उठून माती उडवून निघून गेली. चिरेबंदी, मोती कसा आहे?

चिरेबंदी | २६ ऑगस्ट, रात्री ९.१५

छान आहे. घनता १.०१८. पेज दोन वेळा पितो. गणपतीला पाहुणे येतील, दारावर पाटी लावणार आहे, मोतीला कोणी काही देऊ नये म्हणून.

भरतीओहोटी | २७ ऑगस्ट, सकाळी ७.५०

बंदरावरच्याला पाच इंजेक्शनं झाली, टपकणं थांबलं. पण आता माझ्या स्वतःच्या कुत्रीला कालपासून थेंब थेंब लघवी होतेय. ताई, बिजलीचा तो खास आहार उरला असेल तर मी येऊन घेऊन जाऊ का? पैसे देईन.

पागोळी | २७ ऑगस्ट, सकाळी ८.०५

पिशवी अर्धी उरेल, पैसे नकोत. पण आधी लघवीचा रिपोर्ट इथे टाका, कसला त्रास आहे ते रातांबा साहेबांना बघू द्या. मोतीसारखं निघालं तर हा आहार तिला बाधेल. थोडी तरी लघवी येतेय ना? नसेल तर आत्ता निघा.

भरतीओहोटी | २७ ऑगस्ट, सकाळी ८.११

येतेय. डाव उकळायला ठेवलाय.